पाणी छताला बसत नाही

प्रभाकर ठवकर गेल्याची बातमी त्यांच्या शिष्या वैशाली उईके यांच्या फोनवरून कळली. सकाळ उलटली होती आणि मी ऑटोत होतो. "सर गेले," त्या म्हणाल्या. पलीकडे कुणीतरी खुर्च्या सरकवत असल्याचा आवाज तेवढा येत होता. "आज डायलिसिसचा दिवस होता. गाडी बोलावली होती. काकू पायात मोजे चढवत होत्या आणि..." मी ऑटोवाल्याला ठवकरांच्या घराकडे, मनीषनगरला, वळायला सांगितले. माझ्या वयाच्या माणसाला नागपुरात अशा बातम्या बहुधा धंतोलीतून, म्हणजे इस्पितळांच्या वस्तीतून, येतात. इस्पितळ कोणते आणि मजला कितवा, एवढाच काय तो फरक. ठवकरांची घरून आली. घरी गेले, सुटले, असे म्हणण्याची पद्धत आहे आणि त्या दिवशी जमलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी ते म्हटले. ठवकर सुटले होते हे खरे, पण त्या सकाळी नव्हे. ते काही दिवस आधी धंतोलीतच, डायलिसिसच्या खाटेवर, हातातल्या एका दगडापाशी सुटले होते. मी तेव्हा तिथे होतो, म्हणून हे लिहितो आहे.

ठवकर भूवैज्ञानिक होते. सरकारी खात्यात लागले आणि सरकारी खात्यातूनच निवृत्त झाले. नोकरीची बहुतेक वर्षे भंडारा-गोंदियाच्या पलीकडच्या जंगलपट्ट्यात, फार जुन्या ज्वालामुखी खडकांत गेली. आपल्याकडे ज्वालामुखीचा खडक म्हटला की लोकांना सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड आठवतो. ठवकरांचे खडक त्याहून कितीतरी जुने, दबलेले, रंग उडालेले. मूळ घर खाप्याचे. कन्हानच्या काठाला थोडी जमीन, घरात बैलजोडी. शाळेतून आल्यावर वखराच्या मागे चालायचे आणि नदीतले गोटे खिशात भरून आणायचे, असे त्यांची आई सांगायची. उंची बेताची, खांदे रुंद, गळ्यात दोरीला बांधलेले भिंग. दगड हातात आला की ते आधी तो जिभेने ओला करत. कोरड्या दगडावर धूळ आणि ओरखडे दिसतात, ओला केला की आतली घडण वर येते. ही त्या धंद्यातली सगळ्यांचीच सवय आहे, पण ठवकर ती लग्नकार्यातही सोडत नसत. एकदा एका मंगल कार्यालयात नवी बसवलेली पायरी बोट ओले करून पुसताना मी त्यांना पाहिले आहे. कुंदाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, तिथेच ऐकवले होते, "दगडाले चाटून झालं असन तर आता नवरीवर अक्षता टाका."

त्यांची माझी ओळख एका न झालेल्या बातमीमुळे झाली. पूर्वेकडच्या एका गावात खात्याने जमिनीत भोक पाडायचे यंत्र लावले आहे आणि तिथे सोने सापडले आहे, असे आमच्या वार्ताहराने कळवले. संपादकांनी मला पाठवले. गावाचे नाव तेव्हा छापले नाही आणि आजही छापत नाही. नाव कळले की दलाल येतात आणि डबरे खोदून ठेवतात, असे ठवकर म्हणत आणि त्यात तथ्य होते. मी पोचलो तेव्हा ते तंबूबाहेर स्टुलावर बसून दगडाची एक गोल कांडी बघत होते. यंत्र जमिनीत जसजसे उतरते तशी दगडाची अशी सलग कांडी वर येते, तिला कोअर म्हणतात. तिच्या तुकड्यांवरून खाली काय आहे ते वाचायचे. कांडीत एक पांढरा पट्टा होता. मी विचारले, सोने कुठे आहे? ते म्हणाले, दिसत नाही. मग काय सापडले? "लिहा, पाणी सापडलं," ठवकर म्हणाले. "गरम पाणी. इथून गेलं. कधीचंच गेलं." मी परत येऊन तसेच लिहिले. संपादकांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि तो कागद बाजूला ठेवला. बातमी झाली नाही, ओळख मात्र राहिली.

पाणी गेले म्हणजे काय, हे मला समजले ते बऱ्याच वर्षांनी, त्यांच्या मनीषनगरच्या घरी. तिथे बोअरचे पाणी. बादलीच्या कडेला, कूलरच्या जाळीला, सगळीकडे पांढरा थर चढतो. गिझरचा जुना पाइप तुंबला म्हणून प्लंबर बोलावला होता. ठवकरांनी त्याच्याकडून त्या पाइपची एक चकती कापून घेतली आणि दिवाणखान्यातल्या टेबलावर ठेवली. लोखंडाच्या कड्यात पांढरे कडे, त्याच्या आत पिवळसर, त्याच्या आत पुन्हा पांढरे. मधोमध आगकाडी जाईल एवढे भोक. "ही शीर आहे," त्यांनी मला सांगितले. "डोंगरात जी राहते तीच. पाणी किती दिवस वाहिलं, कधी थांबलं, कधी गढूळ आलं, सारं लिहून ठेवते." मग ते सोफ्यावर पाय घेऊन बसले आणि समजावू लागले. ज्वालामुखी वरून थंड झाला तरी खाली त्याचा गाभा तापलेला राहतो. पावसाचे पाणी झिरपत खाली जाते, त्याच्या आचेला लागते. वरच्या खडकाचा दाब एवढा असतो की ते कितीही तापले तरी उकळत नाही. असे पाणी खडकातून फिरते तेव्हा जे भेटेल ते विरघळवून घेते. गार, म्हणजे गारगोटीची पांढरी गार, चुना, शिसे, जस्त, चांदी, सोने. प्रत्येक गोष्ट चिमूटभर. मग वर यायला लागते आणि कुठेतरी त्याला भेग सापडते. "कुकरची शिट्टी झाली का काय होते?" त्यांनी मला विचारले. स्वयंपाकघरातून कुंदाताईंचे उत्तर आले, "भात लागते. तुम्ही तिकडं बोलत बसले का इकडं भात लागते."

"दाब उतरते," ठवकर शांतपणे म्हणाले. "भेगेत आल्याबरोबर पाणी एका दमात उकळते. त्यात सडक्या अंड्याच्या वासाचा वायू राहते, अन् सोनं त्याचाच हात धरून आलं राहते. वायू उडून गेला का सोनं एकटं पडते. जाईन कुठं? बसते तिथंच, भेगेच्या भिंतीले." उकळल्याची खूणही मागे राहते, हे त्यांनी त्याच दिवशी सांगितले. पाणी उकळते तिथे चुन्याचे पातळ पापुद्रे उभे राहतात, जुन्या पोथीच्या पानांसारखे. पुढे चुना जातो, त्याच्या जागी गार येऊन बसते, पण पानांचा आकार तसाच राहतो. शिरेत पाने दिसली की समजायचे, इथे उकळले. धातू असलाच तर त्याच आसपास. पानांच्या वरही कोरी पांढरी गार असते आणि पानांच्या खालीही. म्हणून भोक पाडणाऱ्या माणसाला क्रम महत्त्वाचा. आधी कोरी गार आणि मग पाने लागली तर खाली जात राहायचे. आधी पाने लागून मग कोरी गार आली, तर ती जागा मागे पडली, यंत्र उचलायचे. हे त्यांनी पाइपच्या चकतीवर बोट ठेवून दोनदा सांगितले. तेव्हा मला वाटले, शिकवण्याची सवय. नंतर कळले की त्यांचा स्वतःचा एक निर्णय याच क्रमावर उभा होता.

त्या गावातले यंत्र त्यांच्याच सांगण्यावरून उचलले गेले होते. मी जाऊन आल्यानंतरच्या हंगामातली गोष्ट. भोक शिरेच्या अंगाअंगाने उतरत होते, पांढरी गार लागत होती, हाती काही येत नव्हते. पुढे जायचे की थांबायचे, हा निर्णय छावणीतल्या भूवैज्ञानिकाचा, म्हणजे ठवकरांचा. कोअरचे तुकडे ओळींनी लावतात त्यातली शेवटची पेटी भरली त्या दिवशी ते वरिष्ठांना भेटायला नागपुरात आले होते. परत गेल्यावर त्यांनी पेटी ओली केली आणि वाचली. पेटीच्या शेवटच्या ओळीत आधी पाने होती, नंतर कोरी गार. म्हणजे उकळायची जागा मागे पडली होती, खाली आता काही नव्हते. त्यांनी काम थांबवायची शिफारस केली. यंत्र ट्रकवर चढले, तंबू निघाले, गावातल्या ज्या माणसांना हंगामभर मजुरी मिळाली होती ती घरी गेली. खात्यात कुणी एक प्रश्न विचारला नाही. ठवकरांचे वाचन चुकत नाही, असे सगळे मानत होते आणि ठवकरही.

निवृत्त झाल्यानंतर काही वर्षांनी वैशाली उईके यांनी त्यांना कोअर लायब्ररीत बोलावले. वैशाली त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या, आता खात्यात बऱ्याच वर पोचलेल्या. कोअर लायब्ररी म्हणजे मोठी टिनाची शेड. रांगेने लोखंडी मांडण्या आणि त्यांवर जुन्या-नव्या भोकांच्या पेट्या. नव्या भरतीच्या मुलामुलींना कोअर वाचायला शिकवायचे होते. ठवकरांनी उदाहरण म्हणून स्वतःचीच शेवटची पेटी काढायला लावली. थांबायचे कधी ते कसे ओळखावे, हे दाखवायला. मग ते जे वाकले ते सरळ होईनात. वैशालींनी मला नंतर सांगितले, "मला वाटलं सरांची पाठ धरली." पाठ धरली नव्हती. शेवटच्या ओळीतल्या एका तुकड्यात बोराएवढी पोकळी होती आणि तिच्यात निळसर पट्टे आडवे साचले होते. अशा पोकळीत पाणी साचते, त्यातली बारीक गार गाळासारखी तळाशी बसत जाते, वर रिकामी जागा उरते. वाटीत पाणी असावे तशी. पेटीच्या क्रमाने वाचले तर या तुकड्यात पट्टे वर होते आणि रिकामी जागा खाली. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी मला फोन केला. नमस्कार वगैरे काही नाही. "पत्रकार, एक सांग गा. पाणी कधी छताले बसते का?"

उलगडा साधा होता. कोअरची पेटी पुस्तकासारखी भरतात. एक ओळ डावीकडून उजवीकडे संपली की पुढची ओळ पुन्हा डावीकडून सुरू करायची. खात्यातला प्रत्येक माणूस तशीच भरतो आणि तशीच वाचतो. पण त्या दिवशी यंत्रावरची नेहमीची माणसे दुसऱ्या छावणीला गेली होती आणि गावातली शेतकरी मंडळी मदतीला घेतली होती. त्यांनी पेटी शेतासारखी भरली. वखराचा तास एका टोकाला गेला की बैल तिथेच वळतात आणि तिथूनच परत येतात. रिकामे चालत पहिल्या टोकाला त्यांना कुणी नेत नाही. दुसरी ओळ, चौथी ओळ, सगळ्या परतीच्या ओळी उलट्या. मधल्या ओळींत सारखाच काळपट खडक होता, उलट काय नि सुलट काय, कुणाच्या लक्षात येण्यासारखे नव्हते. खोली लिहिलेली लाकडी ठोकळी उजवीकडे असायची ती डावीकडे होती. ठवकरांनी ती आधीच्या ओळीची समजली. शेवटची ओळ परतीची होती. तिच्यात आधी कोरी गार होती आणि मग पाने. पाने लागली तिथेच भोक थांबवले होते. "मी वखरामागं चाललेला माणूस," ठवकर मला म्हणाले. "पुस्तकवाल्याले नसतं समजलं तर ठीक. मले समजाले पाहिजे होतं." एका ओळीने काय होते, असे मी म्हणालो. अशा प्रसंगी म्हणतात ते. ते म्हणाले, "शेवटचीच ओळ होती गा."

तिथून पुढची वर्षे थकवणारी गेली. त्यांना सोने नको होते, हे मी खात्रीने सांगू शकतो. सोने निघाले असते तर त्यांचे वाईटच झाले असते, आपण ते बंद करून आलो हे सिद्ध झाले असते. त्यांना फक्त कळायला हवे होते की भोक आणखी खाली गेले असते तर काय लागले असते. ते खात्यात जात. तिथे त्यांना खुर्ची मिळे, चहा मिळे. ज्यांना त्यांनी भिंग कसे धरायचे ते शिकवले होते ते उठून उभे राहत आणि म्हणत, "सर, बघू आपण. सध्या त्या पट्ट्यात काम नाही." एक नवा अधिकारी त्यांना ओळखत नव्हता. तो म्हणाला, "अंकल, चल रहा है वो, आप टेंशन मत लो." ठवकर हे मला हसत सांगत. खात्याचे फार चुकत होते असेही नाही. एका निवृत्त माणसाच्या उलट्या ओळीसाठी यंत्र हलत नसते. घरी मात्र दुसरा विषय उरला नव्हता. कुंदाताई आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्या घरी तीन जणं राहतात. मी, हे, अन् ते भोक." कधीकधी चिडून म्हणायच्या, "काहून जीवाले लावून घेतलं एवढं? तुमच्या बापानं गाडून ठेवलं होतं का तिथं?" त्यावर ठवकर टेबलावरची पाइपची चकती उचलून भोकातून पलीकडे बघत बसत.

मग दोन गोष्टी जवळपास एकाच सुमारास झाल्या. खात्याने त्या पट्ट्यात नव्याने काम काढले, त्याची जबाबदारी वैशालींकडे आली आणि जुन्या भोकाशेजारी एक नवे, अधिक खोल भोक त्यांनी आराखड्यात बसवले. आणि ठवकरांच्या किडन्या थांबल्या. आठवड्यातून ठरल्या वारी धंतोलीला नेणे, आणणे. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितले होते. दिवसभराचे पाणी एका बाटलीत, बाटलीवर कुंदाताईंनी नेलपॉलिशने खूण केलेली. त्यापुढे थेंब नाही. भाजीचा रसही त्यातच धरायचा. उन्हाळा तोंडावर आला होता. ठवकर घोट तोंडात घोळवत ठेवत आणि बऱ्याच वेळाने गिळत. "जन्मभर पाण्याच्या मागं फिरलो," ते एकदा म्हणाले, "आता ते मोजून घेऊन राहिलो." तक्रारीचा सूर नव्हता. सूर लावण्याइतकी ताकदच राहिली नव्हती. यंत्र लागले, भोक उतरायला लागले, हे वैशाली त्यांना सांगत. पण जुन्या भोकाची खोली ओलांडली, तशी त्यांनी वैशालींना फोनवर ताकीद दिली. "आता मले काही सांगू नको. बरं नाही, वाईट नाही. ऐकीव नको. तुकडा आण."

कांडी उभी चिरतात. अर्धी प्रयोगशाळेत जाते, अर्धी पेटीत राहते. पेटीतल्या अर्ध्याचा बोटभर तुकडा वैशालींनी रीतसर परवानगीने आणला. तोपर्यंत प्रयोगशाळेचा निकालही आला होता, म्हणजे त्यांना उत्तर माहीत होते. तो दिवस डायलिसिसचा होता, म्हणून त्या थेट धंतोलीला आल्या. मी आधीच पोचलो होतो. लांबट खोली, ओळीने खाटा, प्रत्येक खाटेशेजारी एक यंत्र आणि माणसांच्या अंगातले रक्त नळीतून बाहेर जाऊन परत येते आहे. वैशालींनी पर्समधून कागदात गुंडाळलेला दगड काढला तशी सिस्टर आल्या. "हे काय? काका, दगड बेडवर नको." "धुतलेला आहे, सिस्टर," वैशाली म्हणाल्या. "तरी काय झालं, दगडच ना तो." ठवकर म्हणाले, "मुतखडा समजा." शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ हसले. सिस्टर मान हलवत गेल्या.

ठवकरांच्या डाव्या हाताला सुया होत्या. उजव्या हाताने त्यांनी दगड तोंडाजवळ नेला आणि जीभ लावली. दगड ओला झाला नाही. पुन्हा लावली. जीभ कोरडी होती. दगडावर एक फिकट डाग उमटला आणि पाहता पाहता गेला. त्यांनी कुंदाताईंकडे पाहिले. कुंदाताईंनी बाटली वर धरून खूण दाखवली. "सकाळपासून घेतलं तुम्ही. हे राहिलं ते गोळीसाठी आहे."

"गोळी कोरडी गिळतो."

"मांगच्या वेळी अडकली होती."

"गिळतो म्हणलं ना वं."

 कुंदाताईंनी पेल्यात घोटभर पाणी ओतले आणि दगडावर धरले. खाली वैशालींनी रुमाल धरला. दगड गडद झाला आणि त्यात पांढऱ्या पानांचे जुडगे उभे राहिले. एकमेकांना छेदणारी, कातरलेली, पोथीची पाने. मी तोवर त्यांच्याविषयी फक्त ऐकले होते. ठवकरांनी भिंग डोळ्याला लावले. वैशालींनी दगड त्यांच्यासमोर धरला आणि ते बोटाने खुणावत तसा फिरवत राहिल्या. 

"पानं आहेत," ते म्हणाले.

"हो, सर."

"म्हणजे ओळ उलटीच होती."

"हो."

"खाली उकळलं होतं."

"हो, सर. पुढे बरंच खोलवर आहेत पानं."

त्यांनी भिंग पुन्हा लावले. आता ते पाने बघत नव्हते, पानांच्या मधल्या जागा बघत होते, हे मलाही कळत होते. धातू असता तर तिथे करड्या-काळ्या चमकीने दिसला असता. दगड वाळत आला. कुंदाताईंनी न सांगता पेल्यात उरलेले पाणीही ओतले. ठवकरांनी सगळ्या बाजू पाहिल्या, चिरलेली बाजू पाहिली, कड पाहिली. मग भिंग छातीवर सोडून दिले.

"काही नाही यात."

"शिशाचे एकदोन कण आहेत एका ठिकाणी," वैशाली म्हणाल्या. "बाकी रिपोर्टमध्ये काही नाही, सर. पूर्ण लांबीत नाही."

"उकळलं," ठवकर म्हणाले. "व्यवस्थित उकळलं. पण आणलंच नव्हतं काही. रिकामंच आलं होतं पाणी."

 वैशाली म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही बंद केलं ते बरोबरच होतं, सर."

"नाही वं." त्यांनी डोळे मिटले होते. "निकाल बरोबर आला. वाचलं मी चूकच होतं. या दोन गोष्टी कधी एक करू नको." थोड्या वेळाने म्हणाले, "ते पेटी सरळ करून ठेव. मांगून कोणी वाचीन तर नीट वाचीन. लक्षात राहीन ना?" वैशालींनी हो म्हटले. "दमलो मी," ठवकर म्हणाले. "लय दमलो या पाण्यामागं." कुंदाताई रुमालाने त्यांचा हात पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "आता तरी त्या भोकाले घरातून काढा." डोळे न उघडता ते म्हणाले, "काढलं." दुपारची गोळी त्यांनी कोरडीच घेतली. अडकली, पण गेली.

त्यानंतर मी त्यांना दोनदा भेटलो. बोलणे इकडचे तिकडचे. खाप्याच्या घरी बैलजोडी होती, त्यातला एक बैल कसा होता, हे त्यांनी सांगितले. त्या गावाचा, पेटीचा, शिरेचा विषय निघाला नाही. टेबलावरची पाइपची चकती त्यांनी एकदाही उचलली नाही. इतकी वर्षे ज्या माणसाला मी एका प्रश्नाला टेकून बसलेला पाहिले होते, तो आता कशालाच टेकून नव्हता. मला ते बघवत नव्हते असे म्हणणार नाही. माणूस दमला होता आणि बसला होता, एवढेच दिसत होते.

मागच्या आठवड्यात मी मनीषनगरला गेलो. वैशालीही यायच्या होत्या. त्या कोअर लायब्ररीतूनच आल्या, केसांवर शेडमधली धूळ होती. कुंदाताईंनी पाण्याच्या आधी विचारले, "झाली का सरळ?" वैशाली म्हणाल्या, झाली. परतीच्या सगळ्या ओळी त्यांनी स्वतः फिरवल्या, एकेक तुकडा उचलून, आणि पेटीवर सुरुवातीच्या टोकाला लाल रंगाने बाण काढला. शेजारी काही लिहिले नाही. ओळ कुणी उलटी भरली, कुणी उलटी वाचली, यातले काही नाही. "तो बोराएवढ्या पोकळीचा तुकडा?" मी विचारले. "आता पट्टे खाली आलेत," त्या म्हणाल्या. "रिकामी जागा वर."

धंतोलीत आणलेला तुकडा वैशालींना परत न्यायचा होता. तो पेटीतला होता आणि पेटीतच जायला हवा, ठवकरांनीही तेच सांगितले असते. तो खिडकीत ठेवला होता, पाइपच्या चकतीजवळ. कोरडा होता, करडा, रस्त्यावरच्या गिट्टीपेक्षा वेगळा नव्हता. कुंदाताई म्हणाल्या, नेण्याआधी एकदा पाहून घ्या. ओट्यावर तीच बाटली होती, नेलपॉलिशच्या खुणेपर्यंत भरलेली. त्यांनी तिच्यातले घोटभर पाणी पेल्यात घेतले आणि दगडावर सोडले. पाने उभी राहिली. आम्ही तिघांनी पाहिले. मग चहा झाला. चहा होईपर्यंत दगड वाळून पुन्हा करडा झाला होता. वैशालींनी तो कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. कुंदाताई उठल्या, नळ सोडला आणि बाटली पुन्हा खुणेपर्यंत भरली. पाणी खुणेच्या किंचित वर गेले, तेव्हा त्यांनी ती तिरपी करून वरचे तेवढे ओतून दिले.